भाऊजींची नाचाची जमीन

माझे धाकटे दीर सुतार आहेत. पण त्यांना कुणी कपाट करायला सांगितलं तर ते म्हणतात, "ते फर्निचरवाल्याला सांगा." त्यांचं काम जमिनी आणि जिने. लाकडी जमीन बसवायची, लाकडी जिना चढवायचा, पिशवी उचलायची आणि निघायचं. बेचाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. कुणाच्याही घरी गेले की ते आधी माणसांकडे बघत नाहीत, खाली बघतात. त्यांच्या मुलीच्या सासरी आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा सगळे एकमेकांची विचारपूस करत होते आणि हे उंबऱ्याशी उभे राहून टाचेनं ठोकून बघत होते. "खाली पोकळ आहे," एवढंच बोलले. व्याही पुढे आठवडाभर बेचैन होते म्हणे.

वसाहतीत त्यांना पाठीमागे काटकोन म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. "नाव ठेवल्यानं काटकोन वाकडा होत नाही," असं ते मला एकदा म्हणाले.

काम संपलं की त्यांची एक ठरलेली पद्धत होती. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला खोलीच्या मधोमध ठेवायचा आणि घरमालकाला सांगायचं, "चाला. आपटून चाला. तुमच्या सासूबाई चालतात तसं चाला." पेल्यातला थेंब बाहेर आला नाही की काम पास. त्यांच्या जमिनी हलत नाहीत, दबत नाहीत, करकरत नाहीत. दर हातभर अंतरावर खालून लाकडाची पाचर ठोकून त्या घट्ट आवळलेल्या असतात. आमच्या खोलीतली जमीनही त्यांचीच. एकोणीस वर्षं झाली, पाऊल टाकलं तर दगडावर टाकल्यासारखं वाटतं.

आणि एक गोष्ट त्यांनी कधीच केली नव्हती. एकदा बसवलेली जमीन त्यांनी उखडली नव्हती. एका बंगलेवाल्याला फळ्या उभ्याऐवजी आडव्या हव्या होत्या, तेही काम संपल्यावर. भाऊजी म्हणाले, "दुसरा सुतार बोलवा. मी बसवतो. काढणं हा माझा धंदा नाही." आणि खरंच निघून आले.

आता नाचाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी रोज वही लिहिते. सकाळची प्रार्थना झाली की आदल्या दिवसाच्या दहा-बारा ओळी. मागच्या साडेतीन वर्षांच्या वह्या चाळल्या तर नाच हा शब्द आधी महिन्यातून एकदा येतो, मग आठवड्यातून, आणि आता बहुतेक रोज येतो. आमच्या वसाहतीच्या चार इमारती आणि मधल्या इमारतीच्या तळमजल्यावर हॉल. त्या हॉलमध्ये पूर्वी काय होत असे? कमिटीची मीटिंग आणि कुणी गेलं की शोकसभा. दोन्हीकडे खुर्च्या त्याच, चेहरेही साधारण तेच. मग एक मुलगी भाड्यानं राहायला आली, ती नाच शिकवायची. तिनं सहा लहान मुली घेऊन संध्याकाळचा तासभर मागितला. कमिटीनं नाक मुरडत दिला. मुली नाचायच्या आणि त्यांच्या आया बाहेर पायरीवर बसायच्या. दोन महिन्यांनी आयांनी पायरीवर बसल्या बसल्या पाय हलवायला सुरुवात केली. चौथ्या महिन्यात दुपारचा बायकांचा वर्ग सुरू झाला. मग निवृत्त मंडळींचा सकाळचा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई ज्यांना "चाला, फिरा" म्हणायच्या, त्यांना आता "खाली हॉलमध्ये जा" म्हणू लागल्या. औषधाच्या दुकानात गुडघ्याचे पट्टे पुढच्या कपाटात आले. इस्त्रीवाला कपडे द्यायला यायचा तो खिडकीशी वीस मिनिटं उभा राहायचा, मग एक दिवस आत दिसला. दुसऱ्या आणि चौथ्या इमारतीत पाण्याच्या टाकीवरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं. ते बोलणं अजूनही बंदच आहे, पण आता दोन्हीकडची माणसं एका रांगेत उभी राहून एकाच वेळी उजवा पाय टाकतात. कमिटीची मीटिंग हल्ली हॉल मोकळा असेल तेव्हा होते.

मी स्वतः नाचत नाही. मला देवापुढे उभं राहायची सवय आहे, रांगेत नाही. पण जे दिसलं ते लिहून ठेवलं.

बायकांच्या वर्गात माझी धाकटी जाऊ, म्हणजे या दिरांची बायको, कशी गेली त्याची गंमतच आहे. ती रुग्णालयाच्या कपडेकोठीत होती. एकतीस वर्षं चादरी मोजल्या, घड्या घातल्या, खिडकीतून दिल्या. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं घरातच होती. बोलणं कमी. चार माणसांत बसली तर तिच्या वाटचंही नवराच बोलायचा. एक दिवस सेक्रेटरींनी हॉलची किल्ली आमच्याकडे ठेवली होती, ती द्यायला मी तिला पाठवलं. ती तासाभरानं घामाघूम होऊन परत आली.

"काय गं, एवढा उशीर? किल्ली द्यायला गेलीस की कुलूप करायला?"

"ताई, मागच्या रांगेत एक जागा रिकामी होती," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, उभ्या राहा, रांग वाकडी दिसते."

तेव्हापासून ती रोज जाऊ लागली. वर्षभरात मागच्या रांगेतून दुसऱ्या रांगेत आली. फोडणी देताना तिचा एक पाय ताल धरायचा. वर्गात ती विनोद करते आणि बायका पोट धरून हसतात, हे मला बाहेरून कळलं. आमच्या घरात तिचा विनोद कुणी ऐकला नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "घरी कुणी थांबतंय का ऐकायला?" तिनं रागानं नाही, सहज सांगितलं.

भाऊजींनी या सगळ्याकडे ती भाजी आणायला जाते तसं पाहिलं. ना नाही, हो नाही. फक्त एकदा म्हणाले, "पाय आपटतेस ते त्या हॉलच्या फरशीवर आपट. इथली जमीन माझी आहे."

पण हॉलची फरशी हीच अडचण होती. खाली सिमेंट, वर चकचकीत फरशी. त्यावर रोज चार तास पावलं आपटायची. कुणाच्या नडग्या, कुणाची टाच, कुणाचा गुडघा. तीन बायकांनी वर्ग सोडला. नाचाच्या बाईंनी कमिटीला सांगितलं की लाकडी जमीन हवी. आणि लाकडी जमीन म्हटल्यावर वसाहतीत दुसरं कोण? सेक्रेटरी स्वतः घरी आले.

"काका, आता तुमच्या हातात आहे."

"जागा बघू द्या," भाऊजी म्हणाले. जागा त्यांनी हजारदा बघितली होती.

एकोणीस दिवस त्यांनी ते काम केलं. मी दुपारी चहा घेऊन जायची. गुडघ्यावर बसून, कान जमिनीला लावून, लाकडी हातोड्यानं ठोकत सरकायचे. कुठे पोकळ वाजलं की खालून आणखी एक पाचर. फळ्यांना रंधा इतका मारला होता की हात फिरवला तर सांधा लागत नव्हता. साठ वर्षांच्या माणसाचं काम वाटत नव्हतं. मला वाटतं त्यांनाही ते माहीत होतं. असं मोठं काम पुन्हा मिळेल न मिळेल म्हणून त्यांनी त्यात काही राखून ठेवलं नाही.

जमीन खुली करायच्या दिवशी सगळी वसाहत आली. भाऊजींनी मधोमध पेला ठेवला. सेक्रेटरी, इस्त्रीवाला आणि चौथ्या इमारतीतले जाडजूड वकीलसाहेब असे तिघे आजूबाजूनं आपटत चालले. पाणी ढिम्म हललं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेब म्हणाले, "काका, ही जमीन भूकंपालाही दाद देणार नाही." भाऊजी हसले नाहीत, पण त्यांची मान त्या दिवशी नेहमीपेक्षा बोटभर वर होती. नाचाच्या बाईंनी मात्र वाकून हाताची मूठ जमिनीवर दोनदा आपटून पाहिली आणि त्या गप्प राहिल्या.

त्या का गप्प राहिल्या ते पंधरा दिवसांत कळलं. दुखणी होती तशीच राहिली. दिसायला लाकूड, पायाला फरशीच. लोक आधी काही बोलले नाहीत. एवढं सुंदर काम, त्यावर नाव कोण ठेवणार? कुणी म्हणालं नवे बूट घ्यावे लागतील, कुणी म्हणालं वय झालं.

माझी जाऊ काहीच म्हणाली नाही. पण एक दिवस मी तिला जिना उतरताना पाहिलं. कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन, खेकड्यासारखी. साडीखाली गुडघ्याला रुग्णालयातलं रुंद बँडेज बांधलेलं.

"कधीपासून?"

"ताई, त्यांना सांगू नका."

मी तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. "आतली गादी झिजत चालली आहे," त्या म्हणाल्या. "नाचाचं वाईट नाही. उलट त्यानंच तुमचे पाय चांगले झालेत. पण इतक्या कडक जमिनीवर नाही चालणार. जमीन बदला, नाहीतर नाच बंद करा. दोनातलं एक."

बाहेर आल्यावर जाऊ रस्त्याच्या कडेला थांबली. "नाच बंद करते," ती म्हणाली.

"अगं, निदान त्यांना विचारून तर बघ."

"काय विचारू? बेचाळीस वर्षांत एक फळी काढली नाही त्या माणसानं. त्यांना सांगू, की तुमची सगळ्यांत चांगली जमीन माझ्यासाठी उखडा?" मग म्हणाली, "नाही नाचले तर मरत नाही ताई मी. आधी कुठं नाचत होते?"

हे ऐकून मला जे वाटलं ते मी वहीत लिहिलं नाही. फक्त डॉक्टरीणबाईंची दोन वाक्यं लिहिली.

त्याच आठवड्यात नाचाच्या बाई भाऊजींशी बोलायला गेल्या. मी हॉलच्या दारात होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

"काका, काम फार सुंदर झालंय. पण जमीन दबत नाही."

"दबणार कशी? दबू नये म्हणूनच तर एवढ्या पाचरा मारल्यात."

"तेच म्हणते. उडी मारून खाली आलं की जमिनीनं थोडं खाली जायला हवं. नाहीतर सगळा मार पायात जातो."

"जमीन खाली जायला हवी?"

"थोडीशी."

"बाई, मग होडीत नाचा."

"काका, थट्टा नाही करत मी—"

"मीही नाही. हलणारी जमीन बघून लोक सुताराला काय म्हणतात ठाऊक आहे? माझ्या बापाच्या हाताखाली शिकलो मी. जमीन हलली की तो हातोडीचा दांडा पाठीत घालायचा. आता साठाव्या वर्षी तुम्ही म्हणता हलू दे!"

"दबू दे म्हणते. हलू दे नाही."

"दोन्ही एकच."

बाईंनी हात टेकले. भाऊजी हॉलमधून निघाले ते फळ्यांवरून मुद्दाम टाचा आपटत गेले. त्यांना काय सिद्ध करायचं होतं कोण जाणे. आवाज मात्र दगडावर चालल्यासारखाच आला.

दुसऱ्या दिवसापासून जाऊ वर्गाला गेली नाही. दुपारी जेवण झालं की ती ओट्याशी उभी राहायची, पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायची. खालून गाण्याचा आवाज आला की खिडकी लावायची. भाऊजी जेवायला दुपारी घरी येतात. पहिल्या दिवशी त्यांनी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "आज वर्ग नाही?"

"सुटला."

"वर्ग सुटला की तू सोडलास?"

"पोळी वाढू?"

हे मला नंतर त्यांनीच सांगितलं, कारण तिसऱ्या दिवशी जेवून ते सरळ माझ्याकडे आले. आमचे हे खुर्चीत डुलक्या घेत होते. भाऊजी उभेच राहिले.

"वहिनी, ती का जात नाही?"

मी म्हटलं, "तिलाच विचारा."

"विचारलं. पोळी वाढते म्हणाली. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुमच्याकडे आलो."

जावेला मी गप्प राहण्याचा शब्द दिला नव्हता. तिनं मागितला होता, पण मी हो म्हटलं नव्हतं. हे मी मनाशी दोनदा तपासून घेतलं आणि मग सांगितलं. गुडघा, बँडेज, डॉक्टरीणबाई, दोनातलं एक. सगळं.

भाऊजींनी ऐकून घेतलं. मग आमच्याच जमिनीकडे बघत राहिले, एकोणीस वर्षांपूर्वी स्वतः बसवलेल्या. "हलत नाही ना अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हं," असं म्हणून ते गेले.

पुढच्या सोमवारी जावेला दवाखान्यात पुन्हा बोलावलं होतं. या वेळी भाऊजी बरोबर आले. कुणी बोलावलं नव्हतं. आत आम्ही दोघी गेलो आणि ते बाहेर बाकावर बसले. तिथलं बाक म्हणजे एक लांब फळी, दोन टोकांना दोन टेकू, मधे काही नाही. एरवी असं काम पाहून त्यांनी सुताराचा उद्धार केला असता. आम्ही आत असताना चौथ्या इमारतीतले वकीलसाहेब आले आणि त्या बाकाच्या मधोमध धपकन बसले. भाऊजी टोकाला होते. वकीलसाहेब खाली गेले, वर आले, आणि त्यांच्याबरोबर भाऊजीही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा भाऊजी जमिनीवर ओणवे होऊन बाकाखाली बघत होते आणि वकीलसाहेबांना म्हणत होते, "परत बसा. नाही, असं नाही. मघाशी बसलात तसं बसा."

"काका, माझी कंबर धरलीय हो. त्यासाठीच आलोय."

"एकदाच बसा."

वकीलसाहेब कण्हत बसले. फळी वाकली आणि परत आली. भाऊजींनी फळीची लांबी वितीनं मोजली. मग जाडी. दवाखान्यातली माणसं बघत होती. जावेनं पदर तोंडावर घेतला. हसू आलं म्हणून की लाज वाटली म्हणून, ते मला दिसलं नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवस ते कामाच्या शेडमध्ये एकटेच असायचे. मी चहा न्यायची तेव्हा जे दिसलं ते असं. त्यांनी आधी जाड पट्ट्या लांब लांब ठेवल्या. त्यांच्यावर आडव्या पट्ट्या. पण वरच्या पट्टीचा टेकू खालच्या दोन टेकूंच्या बरोबर मधे यायचा, म्हणजे कुठेही खालपर्यंत सरळ आधार नाही. जोर आला की तो बाजूला वाटला जाणार. पट्ट्यांच्या तळाशी रबराचे तुकडे. वर फळ्या. पाचर एकही नाही. पाचरांचा डबा कोपऱ्यात झाकण लावून ठेवला होता.

"वहिनी, यावर उभ्या राहा."

राहिले.

"उडी मारा."

"अहो, माझं वय काय!"

"ती मारू शकत नाही. मी मारून मला कळणार नाही, मला बघायचं आहे. चपला काढा आणि मारा."

सहासष्टाव्या वर्षी, हातात चहाचं भांडं असताना, मी उडी मारली. पायाखालून काहीतरी हलकेच गेलं आणि परत आलं. भाऊजींनी तोंड वाकडं केलं. बेचाळीस वर्षं जे होऊ नये म्हणून राबले, ते त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं आणि त्यांनीच घडवून आणलं होतं. "पुन्हा," ते म्हणाले. मी चार उड्या मारल्या. चहा अर्धाच उरला.

कमिटीची मीटिंग शनिवारी होती. त्या दिवशी हॉल मोकळा होता म्हणून. भाऊजी मीटिंगला कधी जात नाहीत. त्या दिवशी गेले आणि शेवटी उभे राहून म्हणाले, "हॉलची जमीन चुकली आहे. काढून परत बसवतो."

सेक्रेटरी म्हणाले, "चुकली? काका, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!"

"टाळ्या परत घ्या."

"पण चुकलं काय?"

भाऊजींना हे वाक्य अवघड गेलं असणार. ते आधी जमिनीकडे बघत राहिले. "मी चालणाऱ्यांसाठी बसवली," ते म्हणाले. "इथं लोक चालायला येत नाहीत."

उखडायला बसवण्यापेक्षा जास्त त्रास झाला. घट्ट ठोकलेले खिळे सुटेनात. खिळे उपटायचा अंबूर लावून, पहार घालून, एकेक फळी वर काढावी लागली. तेरा फळ्या फुटल्या. प्रत्येक फळी फुटली की कडाड आवाज व्हायचा आणि खिडकीतली माणसं "अरेरे" म्हणायची. इस्त्रीवाला म्हणाला, "काटकोन स्वतःचंच घर मोडतोय." आत ऐकू गेलं. भाऊजींनी वर पाहिलं नाही. "येतोस का फळी धरायला?" एवढंच म्हणाले, आणि तो कपड्यांचं गाठोडं ठेवून खरंच आत गेला.

त्या सव्वीस दिवसांत वर्ग इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत भरले. गाडी लावणाऱ्यांची कुरकुर झाली, पण गाड्या बाहेर लागल्या. जाऊ तिथेही गेली नाही. ती वर गॅलरीत कडधान्य निवडत बसायची. पण खिडकी लावणं तिनं बंद केलं होतं. घरात तिच्या नवऱ्यात आणि तिच्यात या जमिनीबद्दल किती बोलणं झालं ते मी विचारलं. ती म्हणाली, "झालं. एकदा ते म्हणाले, सांगायचंस. मी म्हटलं, ऐकलं असतंत? ते म्हणाले, नाही." आणि ती हसली.

नवी जमीन दिसायला जुनीसारखीच आहे, फक्त दाराशी एक छोटी पायरी चढावी लागते. ती दोन ठिकाणी करकरते. एक खिडकीखाली, एक खांबाजवळ. भाऊजींना ते सहन होत नव्हतं. मेण घासून झालं, साबणाची पूड घालून झाली, पण करकर राहिली. नाचाच्या बाई म्हणाल्या, "काका, गाणं लागलं की ऐकूही येत नाही."

"गाणं बंद झालं की येतं ना?" ते म्हणाले.

या वेळी टाळ्या नव्हत्या. लोक आपले वर्गाला आले, चढले, नाचू लागले. थोड्या वेळानं एकमेकांकडे बघू लागले. वर्ग सोडलेल्या तिघींपैकी दोघी पुढच्या आठवड्यात परत आल्या. सकाळच्या मंडळींत चार माणसं वाढली.

डॉक्टरीणबाईंनी जावेचा गुडघा पुन्हा पाहिला. झिजलेलं परत भरून येत नाही, त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण नव्या जमिनीवर आठवड्यातून तीनदा, वीस वीस मिनिटं, उड्या सोडून, असं करून बघायला हरकत नाही. दुखणं वाढलं तर त्याच दिवशी थांबायचं, आणि मग कायमचं.

ती पुन्हा वर्गाला गेली त्या दिवशी मीही गेले. भाऊजी आधीपासून दाराजवळच्या खुर्चीवर होते. मांडीवर हत्यारांची पिशवी, कामावरून मधेच आलेले. ते नाचणाऱ्यांकडे बघत नव्हते. बायकोच्या पावलांखालच्या फळीकडे बघत होते. ती दुसऱ्या रांगेत तिच्या जागी उभी राहिली. जागा कुणी घेतली नव्हती. सुरुवातीला ती पाऊल असं टाकत होती की जणू खाली काच आहे. पाच-सात मिनिटांनी खांदे सैल झाले. मग शेजारणीला ती काहीतरी म्हणाली आणि दोन रांगा खिदळल्या. भाऊजींनी पहिल्यांदा वर पाहिलं.

वीस मिनिटं झाली तेव्हा ते उभे राहिले. "वीस झाली."

"हे गाणं संपू दे," ती म्हणाली.

"डॉक्टरांनी वीस सांगितलंय."

ती नाचता नाचताच म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जमीन डॉक्टरांची आहे की तुमची?"

हॉल हसला. बाईंनी तोंडावर हात धरला. मला वाटलं आता हे पिशवी उचलून निघतात. चारचौघांत त्यांना असं कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं, तिनं तर नाहीच. ते दोन क्षण तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "माझी आहे," आणि खाली बसले.

गाणं आणखी तीन मिनिटं चाललं. ते संपल्यावर ती आपण होऊन रांगेतून बाहेर आली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून गुडघा चोळू लागली.

"दुखतोय?"

"दुखतोय."

"वाढलाय?"

तिनं पाय लांब केला, दुमडला, पुन्हा लांब केला. त्यांनी घाई केली नाही.

"नाही," ती म्हणाली. "सकाळी होता तेवढाच आहे."

"परवा परत बघू," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून कामावर गेले.